‘तुमच्या रक्तात दोष आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर कोठे शोधावे

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“मी २८ वर्षांची असून मूळची सातारा जिल्ह्यातील आहे आणि सध्या पुण्यात नोकरी करते. माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे व त्याला डाउन सिंड्रोम आहे. त्याच्या जन्माच्या वेळी आई २९ वर्षांची होती. माझे लग्न ठरत आले आहे. मुलगा समजूतदार वाटतो, पण बोलणी चालू असताना त्याच्या आत्यांनी सरळ विचारले, की हा दोष तुमच्या रक्तात आहे का आणि उद्या हिला तशीच मुले झाली तर काय करायचे. माझ्या आईबाबांचे लग्न नात्यातले आहे, आई ही आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी. त्यामुळेच हे झाले, असे तिकडच्या मंडळींचे म्हणणे आहे. आजी तर आजही सांगते, की सातव्या महिन्यात आईने ग्रहण पाळले नाही. भावाच्या आधी आईचे दोन गर्भपात झाले होते. भाऊ लहान असताना त्याचे रक्त तपासले होते असे बाबा म्हणतात, पण कागद सापडत नाहीत. आता निरोप आला आहे, की साखरपुड्याला भावाला आणू नये आणि मी माझी जेनेटिक टेस्ट करून रिपोर्ट दाखवावा. ही तपासणी मी करावी का? कोणती करावी? आणि भावाचे काय करावे? कृपया नाव छापू नये.”

प्रिय भगिनी,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या रक्तात शोधण्याआधी ते तुमच्या भावाच्या रक्तात शोधायला हवे. डाउन सिंड्रोम, म्हणजे बौद्धिक वाढ मंद राहणारी जन्मजात अवस्था, असलेल्या १०० व्यक्तींपैकी सुमारे ९५ जणांमध्ये ही अवस्था आईवडिलांकडून वारशाने आलेली नसते, आणि अशा व्यक्तीच्या निरोगी बहिणीला तशाच अपत्याची शक्यता तिच्या वयाच्या इतर कोणत्याही स्त्रीइतकीच असते. उरलेल्यांपैकी तिघाचौघांमध्ये मात्र कारण वेगळ्या प्रकारचे असते आणि त्यातील काही घरांत ते पिढीतून पिढीत जाऊ शकते. तुमचा भाऊ कोणत्या गटात आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून, बोलण्यावरून किंवा हुशारीवरून कोणालाही, अगदी अनुभवी डॉक्टरलाही, सांगता येत नाही. त्यासाठी त्याचे कॅरिओटायपिंग, म्हणजे गुणसूत्रांची (पेशीतील जनुके वाहून नेणाऱ्या धाग्यांची) मांडणी पाहणारी तपासणी, हाच मार्ग आहे. जुना कागद मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास तपासणी नव्याने करून घ्यावी.

आता हे असे का, ते थोडे विस्ताराने सांगते, कारण तुम्हाला हे केवळ स्वतःला नव्हे, तर घरातल्या आणि होऊ घातलेल्या घरातल्या माणसांनाही समजावून सांगायचे आहे. माणसाच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. जोडीतले एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले. स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडी विलग होते व बीजात २३च गुणसूत्रे उरतात. कधीकधी एखादी जोडी विलग होत नाही आणि दोन्ही गुणसूत्रे एकाच बीजात जातात. अशा बीजापासून गर्भ राहिला, की त्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती होतात. बहुतेक गुणसूत्रांच्या बाबतीत असा गर्भ फार काळ टिकत नाही. पूर्ण दिवस भरून जन्माला येऊ शकणाऱ्या मोजक्या अवस्थांमध्ये २१व्या गुणसूत्राची तिसरी प्रत, म्हणजे डाउन सिंड्रोम, सर्वांत अधिक आढळते. १८व्या आणि १३व्या गुणसूत्रांच्या तिसऱ्या प्रतीमुळे होणारे एडवर्ड्स आणि पटाऊ सिंड्रोम त्याहून बरेच विरळ आणि बाळासाठी फार गंभीर असतात. हे सर्व कळायला विज्ञानालाही वेळ लागला. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी या मुलांचे वर्णन १८६६ साली केले. माणसाच्या गुणसूत्रांची संख्या ४६ असते हे मात्र १९५६ साली निश्चित झाले आणि या मुलांमध्ये एक गुणसूत्र जास्त असते हे पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमाँ त्युर्पाँ यांनी १९५९ साली दाखवून दिले. मधल्या ९० हून अधिक वर्षांत या मुलांच्या आयांवर किती प्रकारचे आरोप झाले असतील, याची कल्पना तुमच्या आईला असेलच.

म्हणून तुमच्या आजींच्या ग्रहणाबद्दल मला स्पष्ट लिहायचे आहे. ही चूक दहापैकी सुमारे नऊ वेळा स्त्रीबीज तयार होताना झालेली असते आणि उरलेल्या वेळी शुक्राणू तयार होताना किंवा गर्भधारणेनंतर अगदी सुरुवातीला. स्त्रीबीजांच्या विभाजनाची सुरुवात ती स्त्री स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच होते, मग ते विभाजन मध्येच थांबते आणि पुढे कित्येक वर्षांनी, त्या महिन्याचे बीज बाहेर पडण्याच्या वेळी, पुन्हा सुरू होते. इतका दीर्घ काळ जोडी एकत्र धरून ठेवणारी व्यवस्था वयानुसार शिथिल होत जाते, म्हणून आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते. सातवा महिना लागेपर्यंत तुमच्या भावाच्या शरीरातील पेशींमध्ये ते जास्तीचे गुणसूत्र कित्येक महिन्यांपासून होतेच. त्या महिन्यात आईने भाजी चिरली असेल, सुई हातात घेतली असेल, अंगणात उभी राहिली असेल, यांपैकी कशानेही एकही गुणसूत्र वाढत नाही आणि घरात बसून राहिल्याने एकही कमी होत नाही. २३ वर्षे एका बाईने हा ठपका सोसला आहे. तुमचे लग्न ठरो वा न ठरो, आईला जवळ बसवून ही एक गोष्ट तुम्ही तिला सांगावी आणि शक्य असल्यास आजींच्या समोर सांगावी, असे मला मनापासून वाटते.

वयाचा मुद्दाही नीट समजून घ्यावा. पंचविशी ते तिशीच्या दरम्यान बाळंत होणाऱ्या सुमारे हजार स्त्रियांमागे एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असतो; ३५व्या वर्षी हे प्रमाण साडेतीनशेत एक आणि ४०व्या वर्षी शंभरात एक इतके होते. तरीही डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी पुष्कळांच्या आया पस्तिशीच्या आतल्याच असतात, कारण आपल्याकडे बहुतेक बाळंतपणे त्याच वयात होतात. त्यामुळे तुमच्या आईचे वय तेव्हा २९ होते, एवढ्यावरून काही वेगळे घडले असावे असा निष्कर्ष काढता येत नाही.

नात्यातल्या लग्नाचा मुद्दा आत्यांनी काढला, तो ऐकायला पटण्यासारखा असला तरी या ठिकाणी लागू होत नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडच्या अनेक समाजांत आहे आणि त्यातून काही आजारांची शक्यता खरोखरच वाढते; पण ते आजार वेगळ्या जातीचे. थॅलेसेमियासारख्या आजारात एकाच जनुकातील दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच मूल आजारी पडते, आणि नात्यातल्या दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव अधिक असतो. डाउन सिंड्रोममध्ये कोणत्याही जनुकात बिघाड नसतो; चांगल्याच गुणसूत्राची एक प्रत जास्त झालेली असते, आणि ती चूक एकाच बीजात घडलेली असते. आईबाबा परस्परांचे कोणी नसते, तरीही ती तशीच घडू शकली असती. तुमचा होणारा नवरा तुमच्या नात्यातला नाही, म्हणून ‘आता काळजी नाही’ असे म्हणणेही तितकेच निराधार ठरेल.

आता त्या तिघाचौघांच्या गटाकडे वळते, कारण तुमच्या पत्रातील खरा महत्त्वाचा भाग तोच आहे. १९६० साली लंडनमध्ये डाउन सिंड्रोम असलेली एक मुलगी आढळली, जिची गुणसूत्रे मोजली तर ४६च भरली. बारकाईने पाहिल्यावर कळले, की २१व्या गुणसूत्राची तिसरी प्रत तिच्यातही होती, पण ती सुटी नसून दुसऱ्या एका गुणसूत्राला चिकटलेली होती. याला ट्रान्सलोकेशन म्हणतात, आणि सर्वांत अधिक वेळा २१वे गुणसूत्र १४व्याला जोडलेले सापडते. दोन वह्या एकत्र शिवून एक जाड वही केली, तर पाने सगळी शाबूत राहतात आणि वह्यांची संख्या तेवढी एकाने घटते. ज्या व्यक्तीत अशी जोडणी आहे पण जास्तीची प्रत नाही, तिचेही तसेच असते. तिची गुणसूत्रे ४५ भरतात, जनुके मात्र पूर्ण असतात, प्रकृती ठणठणीत असते आणि आयुष्यभर तिला याचा पत्ताही लागत नाही. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात. वेगवेगळ्या गुणसूत्रांच्या या प्रकारच्या जोडण्या एकत्र धरल्या, तर हजारात साधारण एक माणूस वाहक असतो. अडचण येते ती त्यांना मूल होताना: शिवलेली जोडी आणि सुटे २१वे गुणसूत्र एकाच बीजात गेले, की डाउन सिंड्रोमचे बाळ होऊ शकते, वाटणी दुसऱ्या प्रकारे चुकली, तर गर्भ टिकत नाही आणि गर्भपात होतो.

म्हणूनच तुम्ही जाताजाता लिहिलेले ते वाक्य, भावाच्या आधी आईचे दोन गर्भपात झाले, मी दोनदा वाचले. त्यावरून घाबरून जाऊ नये. कळून आलेल्या गर्भधारणांपैकी दहा ते पंधरा टक्के तरी आपोआप गळतात, आणि सुरुवातीच्या महिन्यांत गळणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचीच गडबड असते, तीही बहुधा एकदाच घडून गेलेली. दोन गर्भपात पुष्कळ निरोगी स्त्रियांना होतात. परंतु एका घरात दोन गर्भपात आणि ट्रान्सलोकेशन आहे की नाही हे ठाऊक नसलेले डाउन सिंड्रोमचे एक अपत्य असेल, तर ‘शंभरात पंच्याण्णव’ या दिलाशावर विसंबून प्रकरण मिटवणे मला योग्य वाटत नाही. आत्यांनी विचारले नसते, तरी हीच तपासणी मी तुम्हाला सुचवली असती.

तपासणी अवघड नाही. हिरव्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतात. प्रयोगशाळेत त्यातील पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस वाढवतात, त्या विभागण्याच्या ऐन क्षणी औषधाने थांबवतात, काचपट्टीवर पसरवून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो घेतात. मग प्रत्येक गुणसूत्र वेगळे करून जोड्यांनी ओळीत मांडले जाते. सगळ्यांत मोठी पहिली जोडी वर, लहान जोड्या खाली. शेवटच्या रांगेत, एक्स आणि वाय यांच्या अलीकडे, २१व्या क्रमांकाची इवलीशी गुणसूत्रे दिसतात. तुमच्या भावाच्या कागदावर तेथे सुटी तीन उभी असतील, तर निष्कर्षाच्या ओळीत ४७, एक्सवाय, अधिक २१ असे लिहिलेले असेल. तेथे दोनच असतील आणि १४व्या क्रमांकापाशी एक लांबट, जोडलेले गुणसूत्र दिसत असेल, तर ओळीची सुरुवात ४६ने होईल. साधारण २० पेशी मोजून अहवाल देतात आणि तो यायला दोन ते तीन आठवडे लागतात. खासगी प्रयोगशाळांत खर्च काही हजार रुपये येतो. मोठ्या शासकीय रुग्णालयांच्या जनुकीय विभागांत तो कमी येऊ शकतो.

या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. ‘जेनेटिक टेस्ट’ या नावाखाली बाजारात पुष्कळ महागड्या तपासण्या मिळतात आणि त्यांतील बऱ्याच तुमच्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. शेकडो जनुके वाचणारी वाहक-तपासणी केली, तर तिच्यात जनुकांतील बारीक दोष दिसतील, पण शिवलेली गुणसूत्रे दिसणार नाहीत, कारण पाने सगळी जागेवर असतात. फिश नावाच्या जलद तपासणीत भावाच्या पेशीत २१व्या गुणसूत्राचे तीन ठिपके दिसतील, पण तिसरा ठिपका सुटा आहे की जोडलेला, हे नेहमीच्या अहवालात कळणार नाही. तेव्हा चिठ्ठीवर ‘कॅरिओटायपिंग’ हाच शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

अहवाल ४७चा आला, तर विषय तेथेच संपतो. तुमची स्वतःची कोणतीही तपासणी करण्याचे कारण उरत नाही. काही पेशींत ४६ आणि काहींत ४७ असा संमिश्र अहवाल आला, तरी तुमच्यापुरता अर्थ तोच आहे. अहवाल ४६चा, म्हणजे ट्रान्सलोकेशनचा आला, तर आई, बाबा आणि तुम्ही अशा तिघांचे कॅरिओटायपिंग करावे लागेल. येथेही लगेच वाईट धरून चालू नये, कारण अशा बहुतेक मुलांमध्ये जोडणी नव्यानेच झालेली असते आणि आईवडील दोघांचीही नेहमीसारखी सुटी ४६ गुणसूत्रे निघतात. २१वे गुणसूत्र दुसऱ्या २१व्यालाच जोडलेले असेल, तर तुम्ही वाहक असणे जवळजवळ अशक्यच आहे, कारण तशा जोडणीतून निरोगी वाहक अपत्य जन्माला येऊ शकत नाही. तुमची धडधाकट प्रकृती हाच तेथे पुरावा होईल. आईबाबांपैकी एक जण १४ आणि २१ यांच्या जोडणीचे वाहक निघाले, तरच तुमच्या अहवालाला वजन येते. आणि ते बाबाही असू शकतात, हे आजींना आधीच सांगून ठेवलेले बरे.

तुम्ही वाहक निघालात असे क्षणभर धरू. कागदावरच्या हिशेबाने जन्माला येऊ शकणाऱ्या तीन प्रकारच्या गर्भांपैकी एक डाउन सिंड्रोमचा असायला हवा, पण प्रत्यक्षात वाहक स्त्रीच्या बाबतीत हे प्रमाण दहा ते पंधरा टक्के आढळते; वाहक पुरुषाच्या बाबतीत ते एक-दोन टक्क्यांच्याच घरात असते. म्हणजे वाहक असूनही निरोगी बाळ होण्याची शक्यता कितीतरी अधिक. याशिवाय प्रत्येक गरोदरपणात अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म अंश घेऊन किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन बाळाची गुणसूत्रे खात्रीने पाहता येतात. अनुभवी हातांनी केल्यास या तपासण्यांमुळे गर्भपात होण्याचा धोका दोनशेत एकापेक्षाही कमी असतो. १९९४च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अशा कारणासाठी या तपासण्यांना परवानगी आहे, फक्त बाळाचे लिंग सांगितले जात नाही. ज्यांना तो मार्ग नको असेल, त्यांना प्रयोगशाळेत गर्भधारणा करून आधीच तपासलेला गर्भ रोपण करण्याचा पर्याय आहे. तो खर्चिक आहे आणि शरीराला व मनाला त्रास देणारा आहे. काही जोडपी काहीच तपासत नाहीत आणि येईल त्या बाळाचे स्वागत करतात. यांपैकी काय निवडायचे ते तुम्ही आणि तुमचा नवरा ठरवाल. डाउन सिंड्रोमच्या माणसाबरोबर राहणे म्हणजे काय असते, हे तुमच्या सासरच्या कोणाहीपेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक आहे, आणि त्या निर्णयात तुमच्या या अनुभवाला मोठे मोल आहे.

भावाचा अहवाल ४७चा आला तरी पुढे गरोदरपणात डॉक्टर तुम्हाला डबल मार्कर ही रक्ततपासणी आणि बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी सांगतील. त्याने मन विचलित होऊ देऊ नये; तो सल्ला हल्ली सर्वच गरोदर स्त्रियांना दिला जातो आणि त्या तपासण्या केवळ शक्यता सांगतात, निदान करत नाहीत.

आता निरोपाकडे येते. ‘मुलीने रिपोर्ट दाखवावा’ ही मागणी मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भावाची तपासणी तुम्ही करावी ती स्वतःसाठी, आईच्या मनावरचे ओझे उतरण्यासाठी आणि पुढे तुमच्या मामा-मावशांच्या, काका-आत्यांच्या मुलांना उपयोग व्हावा म्हणून. तिचा उपयोग मुलीच्या रक्ताला दाखला मिळवण्यासाठी होऊ लागला, तर उद्या तोच दाखला प्रत्येक घरात मागितला जाईल आणि तो नेहमी मुलीकडूनच मागितला जाईल. मुलाच्या घरातले कोणी आपली गुणसूत्रे मोजून आलेले नाही. हजारात एक हे प्रमाण त्यांनाही तितकेच लागू आहे.

परंतु होणाऱ्या नवऱ्याची गोष्ट निराळी. त्याला लग्नाआधी सर्व काही मोकळेपणाने सांगावे, तपासणी करायचे ठरवले आहे हेही सांगावे, आणि अहवाल आल्यावर जनुकीय सल्लागाराकडे दोघांनी मिळून जावे. तेथे त्याने त्याच्या मनात असेल ते विचारावे. तुम्ही वाहक निघालात, तर ते त्याच्यापासून लपवू नये. ते सासरी कोणाला आणि कधी सांगायचे, हे मात्र तुम्ही दोघांनी ठरवावे. आत्यांशी बोलण्याची जबाबदारी त्याची आहे. तो समजूतदार वाटतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्याच्या घरातली माणसे तुमच्या भावाबद्दल बोलत असताना तो काय बोलतो, याकडे बारकाईने पाहावे. मुलगा म्हणून त्याला मिळालेल्या आवाजाचा उपयोग तो करतो की नाही, हे तुम्हाला याच आठवड्यांत कळेल.

आणि साखरपुड्याला भावाला आणू नये, या अटीला उत्तर एकच आहे: तो येईल. तुमच्या घरात पोरीच्या साखरपुड्याला तिचा भाऊ हजर असणार, यावर चर्चा करण्यासारखे काही नाही आणि हे वाक्य बाबांनी, आवाज न चढवता, व्याह्यांना स्वतः सांगावे. भाऊ २३ वर्षांचा आहे. आपल्याला घरी का ठेवले, हे त्याला कळणार नाही असे समजणाऱ्यांनी अशा माणसाबरोबर कधी दिवस काढलेला नसतो. त्याला काय काम द्यायचे ते त्याच्याशी बोलून ठरवावे: पाहुण्यांना पाणी देणे, पेढ्यांचे तबक फिरवणे, तुमच्या शेजारी बसणे, जे त्याला आवडते ते. गर्दी आणि मोठा आवाज त्याला सोसत नसेल, तर मधूनमधून शांत बसण्यासाठी एखादी खोली मोकळी ठेवावी. हे सर्व त्याच्या सोयीसाठी करावे; त्याला पाहुण्यांच्या नजरेआड करण्यासाठी नव्हे.

त्याच्या रक्ततपासणीबद्दलही त्याला आधी सांगावे. सुई टोचणार, थोडे दुखणार, ताईसाठी एक गोष्ट शोधायची आहे, इतक्या साध्या शब्दांत सांगितले तर बहुतेक जण हात पुढे करतात. काही न सांगता दवाखान्यात नेऊन धरून ठेवले, तर पुढची प्रत्येक तपासणी अवघड होऊन बसते. तो फारच घाबरत असेल, तर आग्रह धरू नये. तशा वेळी तुमचेच कॅरिओटायपिंग थेट करता येते आणि त्यात नेहमीसारखी सुटी ४६ गुणसूत्रे दिसली, तर तुमच्यापुरता प्रश्न सुटतो. पण भावाच्या अहवालातून साऱ्या कुटुंबाला जे कळते ते त्यातून कळणार नाही, म्हणून पहिला प्रयत्न त्याचाच करावा. रक्त काढायचेच आहे, तर त्याच वेळी थायरॉइडचीही तपासणी करून घ्यावी. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावण्याचे प्रमाण मोठे असते, ती तपासणी दर वर्षी व्हायला हवी आणि मोठेपणी नेमकी तीच विसरली जाते. सुस्ती आणि वजन वाढणे हे ‘त्याच्या स्वभावाचे’ म्हणून सोडून दिले जाते. ऐकू येणे, दृष्टी, झोपेतले घोरणे आणि श्वास अडखळणे यांकडेही लक्ष असावे. १९८०च्या दशकात प्रगत देशांतही डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्या आसपास होते, आज ते तेथे साठीला पोहोचले आहे, आणि हा फरक मुख्यतः हृदयाच्या शस्त्रक्रिया व अशाच नियमित देखभालीमुळे पडला आहे.

तुम्ही विचारलेले नाही, पण लग्नानंतर घरात भावाची काळजी आईबाबांवरच राहणार आहे, म्हणून एक गोष्ट आधीच उरकून घ्यावी. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व मिळवता येते. बँक खाते, मालमत्ता, शस्त्रक्रियेची संमती अशा प्रसंगी ते लागते. याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण आहे. त्याचे दिव्यांग ओळखपत्र अजून काढलेले नसेल, तर ते आधी काढावे, कारण बाकीचे अर्ज त्यावर अवलंबून असतात. तुम्ही भावाच्या भावी पालक होणार असाल, तर तेही होणाऱ्या नवऱ्याला आताच सांगून ठेवावे.

या आठवड्यात बाबांना घेऊन ज्या दवाखान्यात भावाची लहानपणी तपासणी झाली तेथे जावे. वर्ष आणि नाव सांगितल्यास जुनी नोंद कधीकधी निघते. ती निघाली नाही, तर भावाच्या नावाने कॅरिओटायपिंगची चिठ्ठी घ्यावी आणि अहवाल येईपर्यंत तिकडच्या मंडळींना एवढेच कळवावे, की तपासणी भावाची होत आहे आणि साखरपुड्याच्या यादीत त्याचे नाव आहे. अहवालातील निष्कर्षाची ओळ समजली नाही, तर ती जशीच्या तशी मला लिहून पाठवावी.